आल्डरची पानं खराब दिसतायत, झाड जाईल का?

उन्हाळा अर्धा संपतो ना संपतो तोच आल्डरच्या झाडाखाली पानांचा सडा पडायला लागतो, वर राहिलेल्या पानांच्या पाठीवर नारिंगी पावडर, कुठे पांढरी भुकटी, कुठे पान फुगून वाकडंतिकडं झालेलं, आणि मग दरवर्षी तेच प्रश्न येतात: झाड मरतंय का, फवारा कुठला मारू, शेजारच्या झाडांना लागेल का, तोडूनच टाकू का. थोडक्यात सांगायचं तर बहुतेक वेळा झाड मरत नसतं. पण कधी मरत नसतं आणि कधी खरंच मरत असतं हे ओळखायला पान उलटून बघावं लागतं, मग जरा खाली वाकून खोडाचा बुंधाही बघावा लागतो. लोक पान बघतात आणि तिथेच थांबतात, माझं मुख्य भांडण तेवढंच आहे.

आधी झाड कसं आहे ते बघू

आल्डर म्हणजे अल्नस हे कुळ, बर्चच्या घराण्यातलं. जगभरात साधारण ३५ जाती, बहुतेक उत्तर गोलार्धात. युरोपात नदीकाठी दिसतो तो काळा आल्डर (अल्नस ग्लुटिनोसा), जरा थंड आणि डोंगराळ भागात करडा आल्डर (अल्नस इनकाना), शहरांत रस्त्याकडेला लावतात तो इटालियन आल्डर (अल्नस कॉर्डाटा), उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तांबडा आल्डर (अल्नस रुब्रा), आणि हिमालयात अल्नस नेपालेन्सिस, ज्याला तिकडे उत्तीस म्हणतात. शिवाय श्पेथी नावाचा एक संकर आहे, बर्लिनच्या नर्सरीतून आलेला, तो आता बऱ्याच शहरांमध्ये लावला जातो.

शहरं आल्डर का लावतात? कारण भिकार मातीतही तो उभा राहतो. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, म्हणजे खताची सोय घरातच. बांधकामाचा राडारोडा टाकून भरलेली जागा, खाणीची उकरलेली जमीन, पुराने गाळ आणलेला काठ, अशा ठिकाणी आल्डर आधी रुजतो.

पानांच्या रोगाबद्दल बोलायचं तर त्याच्या दोन सवयी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली, हा शरद ऋतूत पिवळा-लाल होत बसत नाही. बाकीची झाडं पान टाकण्याआधी त्यातला नायट्रोजन बऱ्यापैकी काढून आत ओढतात, आल्डरला त्याची तेवढी गरज नाही म्हणून तो पान हिरवं असतानाच टाकतो. त्यामुळे याच्या पानावर भर उन्हाळ्यात पिवळेपणा दिसला तर त्याला काहीतरी कारण असतं, ऋतूवर ढकलून चालत नाही. दुसरी सवय, हा वसंतात एकदाच सगळी पानं काढून मोकळा होत नाही, फांदीच्या टोकाला उन्हाळाभर नवी पानं येत राहतात आणि आतली, सावलीतली जुनी पानं गळत राहतात. म्हणजे जुलैत झाडाखाली थोडी पानं पडली तर तो आजार नाही, तो स्वभाव आहे.

बुरशी पानाचं नेमकं काय करते

बुरशीचं बी म्हणजे बीजाणू, धुळीच्या कणाहून बारीक, वाऱ्यावर किंवा पावसाच्या थेंबाबरोबर उडणारा. तो पानावर पडतो, ओलावा मिळाला की अंकुरतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर दोन प्रकारच्या वागणुकी दिसतात. काही बुरशी जिवंत पेशींवरच जगतात, पान मेलं तर त्यांचंही संपलं, म्हणून त्या पानाला मारत नाहीत, हळूहळू चोखत राहतात. तांबेरा आणि भुरी ह्या त्यातल्या. दुसऱ्या आधी पेशी मारतात आणि मग मेलेल्यावर ताव मारतात, त्यांचे तपकिरी-काळे ठिपके पडतात.

पण झाडाचं नुकसान किती, हे बुरशी कुठली यापेक्षा पान कधी गेलं यावर जास्त ठरतं. पान ही झाडाची कमाई आहे असं समजा. पगारातून वर्षभर थोडं थोडं बँकेत पडतं तसं झाड उन्हाळाभर साखर बनवून मुळांत आणि खोडात साठवतं. नोकरी मे महिन्यात गेली तर वर्ष कसं काढायचं हा प्रश्न, आणि सप्टेंबरमध्ये गेली तर निदान खात्यात शिल्लक आहे. आल्डरचे बरेचसे पानांचे रोग जोर धरतात ते उन्हाळ्याच्या उत्तरार्धात (महिने सगळे उत्तर गोलार्धातले धरा), म्हणजे बरीचशी कमाई जमा झाल्यावर. त्यामुळे झाड कितीही भिकारडं दिसलं तरी पुढच्या वसंतात ते बऱ्यापैकी व्यवस्थित फुटतं. हाच प्रकार जूनमध्येच झाला आणि तोही सलग तीन-चार वर्षं, तर मात्र शिल्लक खाऊन संपते, फांद्यांची टोकं वाळायला लागतात आणि मग एरवी दुबळे असलेले दुसरे रोग हात धुवून घेतात.

तांबेरा: याची दखल घ्यायलाच पाहिजे

आल्डरवरच्या पानांच्या रोगांत गेल्या काही दशकांत कुणी खरंच धुमाकूळ घातला असेल तर तांबेऱ्याने. नाव लांबलचक आहे, मेलाम्प्सोरिडियम हिरात्सुकानम, एका जपानी बुरशीतज्ज्ञाच्या आडनावावरून ठेवलेलं, एकदा वाचा आणि सोडून द्या. मूळचा पूर्व आशियातला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो इस्टोनियात आणि बाल्टिक भागात दिसला आणि मग पुढच्या काही वर्षांत उत्तर आणि मध्य युरोपभर, आल्प्सपर्यंत पसरला. सगळ्यात जास्त मार करड्या आल्डरला बसला, काळ्यालाही लागतो पण बहुतेक ठिकाणी कमी.

ओळखायचा कसा? पान उलटं करा. वरच्या बाजूला नुसते बारीक पिवळसर डाग दिसतील, खरा माल खालच्या बाजूला असतो, टाचणीच्या टोकाएवढे पिवळे-नारिंगी फोड, शेकड्यांनी. बोट फिरवलं की बोटाला नारिंगी पावडर लागते, आणि जोरात लागण झालेली फांदी हलवली तर उन्हात ती पावडर उडताना दिसते. ही पावडर म्हणजेच बीजाणू, आणि हे बीजाणू दुसऱ्या आल्डरला थेट लागण करतात, तिथे नवे फोड, परत पावडर, असं चक्र उन्हाळाभर चालतं. म्हणून जूनमध्ये चार पानांवर असलेला तांबेरा ऑगस्टअखेर अख्ख्या झाडावर दिसतो. फक्त एक अट असते, पान काही तास ओलं राहिलं पाहिजे. दव, रिमझिम, धुकं, काहीही चालतं.

आता यातली गमतीची भानगड. या बुरशीला आयुष्याचा पूर्ण फेरा करायला दोन वेगवेगळी झाडं लागतात. एक आल्डर, दुसरं लार्च, म्हणजे हिवाळ्यात सुया गाळणारं ते सूचिपर्णी झाड. उन्हाळा सरताना आल्डरच्या पानाखाली वेगळ्या प्रकारचे, जाड भिंतीचे बीजाणू तयार होतात, ते गळलेल्या पानात थंडी काढतात, वसंतात त्यातून निघालेले नाजूक बीजाणू लार्चच्या कोवळ्या सुयांवर जातात, तिथे एक टप्पा पार पडतो आणि मग तिथून परत आल्डरवर. मग लगेच लोकांच्या डोक्यात येतं, लार्च तोडले की झालं! नाही होत. नारिंगी पावडर वाऱ्यावर खूप लांब जाते, त्यामुळे दोन-चार लार्च तोडून हाती फारसं लागत नाही, उलट लार्च जातात ते वेगळंच. नवीन लागवड करताना मात्र आल्डर आणि लार्च शेजारी शेजारी लावायचे नाहीत, एवढं पथ्य पाळायला काहीच खर्च येत नाही.

युरोपातल्या करड्या आल्डरला हा तांबेरा इतका का झोंबला? कारण त्याची आणि या बुरशीची आधी गाठच पडली नव्हती. पूर्व आशियातल्या आल्डरच्या जाती पिढ्यानपिढ्या हिच्यासोबत राहिल्या, त्यामुळे कच्ची झाडं बाद होत गेली आणि टिकाऊ मागे राहिली. नव्या खंडात ती गाळणी लागलेलीच नव्हती. रोपं, कुंड्या, लाकूड, माती जगभर फिरायला लागल्यापासून झाडांच्या रोगांत ही कथा पुन्हा पुन्हा घडते.

भुरी: पांढरी, दिसायला भयंकर, करायला कमी

पानावर कुणीतरी पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं ती भुरी. आल्डरवर ती दोन गटांच्या बुरशींमुळे येते, एरिसिफे आणि फिलॅक्टिनिया. बोटाने पुसली तर बऱ्यापैकी पुसली जाते, कारण जाळं बहुतेक पानाच्या वरवरच असतं. आणि तांबेऱ्याच्या अगदी उलट, हिला पान ओलं असावंच लागत नाही, हवा दमट असली की पुरे. म्हणून पाऊस नसलेल्या, दिवसा उबदार आणि रात्री गार अशा हवामानात, दाटीवाटीच्या सावलीतल्या झाडांवर ती जास्त दिसते.

भिंग असेल तर सप्टेंबरमध्ये भुरीचं पान जरूर बघा, खास करून फिलॅक्टिनियाचं. पांढऱ्या जाळ्यात आधी पिवळे, मग तपकिरी, मग काळे असे बारीक गोळे दिसतात, नुसत्या डोळ्यांनाही कळतील एवढे, ही तिची हिवाळ्याची पेटी. प्रत्येक गोळ्याला सभोवताली ताठ सुया असतात, बुडाशी फुगीर. हवा कोरडी झाली की सुया खाली वाकतात आणि गोळ्याला पानावरून उचकटून वर उचलतात, मग तो सुटून वाऱ्याने जातो, आणि त्याच्या डोक्यावर चिकट पेशींचा झुबका असतो त्यामुळे जिथे आपटेल तिथे उलटा चिकटून बसतो. पाव मिलिमीटरच्या आसपासच्या गोष्टीत एवढी इंजिनिअरिंग! असो. झाडासाठी भुरी म्हणजे कटकट, संकट नाही, आणि ती येते तोपर्यंत उन्हाळा बहुतेक सरत आलेला असतो.

फुगलेली, वळलेली पानं आणि बोंडांना फुटलेल्या जिभा

हा सगळ्यात विचित्र दिसणारा प्रकार आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा. टाफ्रिना नावाच्या बुरशींचा हा उद्योग. काळ्या आल्डरवर टाफ्रिना टोस्क्विनेटी आली की पान नेहमीपेक्षा मोठं, जाड, ठिसूळ होतं आणि आत वळतं, कधी कधी अख्ख्या कोंबाची पानं अशी होतात. तिचीच बहीण टाफ्रिना सादेबेकी फक्त पिवळसर गोल डाग पाडते. करड्या आल्डरवर टाफ्रिना एपिफिला एकाच जागेतून बारीक फांद्यांचा दाट झुबका काढते, लांबून घरटं वाटतं. आणि टाफ्रिना अल्नी पानाला सोडून मादी फुलोऱ्याला, म्हणजे ज्याचं पुढे बोंड होतं त्याला धरते, त्याच्या खवल्यांतून जिभेसारखे मांसल तुकडे बाहेर येतात, आधी हिरवे, मग लालभडक, शेवटी तपकिरी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाडाला काहीतरी भयानक झालंय. प्रत्यक्षात त्या फुलोऱ्यातलं बी थोडं कमी होतं, बाकी झाड मजेत असतं.

टाफ्रिना पानात शिरते ती कळी उमलताना, त्या थोड्याच दिवसांत, आणि वसंत थंड-ओला असला की तिचं फावतं. एरवी ती यीस्टसारख्या साध्या पेशींच्या रूपात सालीवर आणि कळ्यांच्या खवल्यांवर पडून असते. म्हणजे पान वळलेलं तुम्हाला दिसतं तेव्हा तिचं काम उरकलेलं असतं. मे-जूनमध्ये वळलेली पानं बघून फवारा मारणारे लोक औषध वाया घालवतात, दुसरं काही नाही.

ठिपके आणि करपा

इथे बुरशींची गर्दी आहे आणि नुसत्या डोळ्यांनी वेगळं ओळखणं जवळपास अशक्य, तेव्हा पटकन पुढे जाऊ. तपकिरी ठिपके, कधी कडा गडद, कधी शिरांच्या मध्ये कोनदार, नंतर एकमेकांत मिसळून पान करपल्यासारखं. सेप्टोरिया, पासालोरा, ग्नोमोनिएला अशी नावं यात येतात. यातल्या बऱ्याच बुरशी गळलेल्या पानात हिवाळा काढतात, ग्नोमोनिएलाचं तर वसंतात कुजकं पान उचलून तिरपं धरलं तर त्यातून काळ्या केसासारख्या बारीक नळ्या वर आलेल्या दिसतात, त्यातून बीजाणू सुटतात. यातली लक्षात ठेवण्यासारखी एकच, सेप्टोरिया अल्निफोलिया, कारण तांबड्या आल्डरच्या नर्सरीत ती पानावरच थांबत नाही, रोपाच्या खोडावरही खोलगट जखमा करते आणि रोप तिथून मोडतं.

बुरशी वाटते पण बुरशी नाही

इथे भरपूर लोक फसतात. पानाखाली गंजाच्या रंगाचा मखमली पट्टा दिसला की लगेच तांबेरा म्हणतात. बोट फिरवा, पावडर येत नाही ना? मग तो कोळ्यांच्या जातीतल्या अतिसूक्ष्म माइट्सचा पराक्रम, त्यांच्या त्रासाने पानच केसांचा पट्टा काढतं, तो आधी पांढरा असतो आणि नंतर गंजासारखा होतो. पानाच्या वर मोहरीएवढे हिरवे-लाल फोड दिसले तर तेही माइटच, जात दुसरी. पानाला जाळीदार भोकं आणि आसपास निळे-काळे चमकणारे भुंगेरे किंवा काळ्या अळ्या असतील तर तो आल्डरचा पानभुंगा, अगेलास्टिका अल्नी. ब्रिटनमधून तो नामशेष झाला असं धरून चालले होते, २००४ मध्ये पुन्हा सापडला आणि आता तिकडे भरपूर आहे.

आणि पानाची फक्त कड तपकिरी, मधला भाग हिरवा, झाड रस्त्याकडेला? मग बुरशी शोधत बसू नका. पाणी कमी पडलंय किंवा हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ मुळापर्यंत गेलंय.

आता खोड बघा, कारण खरा धोका तिथे आहे

अख्ख्या शेंड्याची पानं लहान, पिवळट, विरळ, पण पानावर फोड नाही, पावडर नाही, ठिपका नाही, आणि झाडाला नेहमीपेक्षा बोंडं मात्र खच्चून लागलेली. असं दिसलं तर पान सोडा आणि बुंध्याशी जा. सालीवर गंजाच्या किंवा डांबराच्या रंगाचे ओघळलेले डाग असतील, जमिनीपासून कधी कधी माणसाच्या उंचीपर्यंत, तर तो फायटोफ्थोरा नावाचा, मुळं आणि साल मारणारा रोगजंतू असण्याची दाट शक्यता आहे.

१९९३ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये नदीकाठचे आल्डर मरताना हा पहिल्यांदा लक्षात आला आणि नंतर युरोपात अनेक देशांत सापडला. शोध घेतल्यावर कळलं की हा दोन फायटोफ्थोरांचा संकर आहे, फायटोफ्थोरा अल्नी. दिसायला-वागायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही, नात्याने तो तपकिरी शेवाळांच्या जवळचा. याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून नदी, पूर, पाणी साचलेली जमीन हे त्याचे रस्ते, आणि नर्सरीतल्या रोपांच्या मुळांतून तो नव्या ठिकाणी पोचतो. मूळ आणि बुंध्याची साल आतून मारतो, वर पाणी-अन्न जात नाही, म्हणून पानं लहान आणि पिवळी. म्हणजे पान फक्त बातमी देतं, घटना खाली घडलेली असते. बरं, भुरी-तांबेऱ्यासाठी आणलेलं औषध पानावर मारून याला काहीही होत नाही.

अशा झाडाची लागण झालेली माती आणि लाकूड दुसरीकडे नेऊ नका, बूट-अवजारं धुवा, आणि तुमच्या भागातल्या वनखात्याला किंवा रोपसंरक्षण विभागाला कळवा. कधी कधी बुंध्यापाशी कापल्यावर आल्डर खालून पुन्हा जोमाने फुटतो, त्यामुळे मुळासकट उपटण्याची घाई करू नये.

"पण पानावर बुरशी आहे तर बुरशीनाशक मारायला काय हरकत आहे?"

हरकती बऱ्याच आहेत. पंधरा-वीस मीटरच्या झाडाला सगळीकडून औषध पोचवणं म्हणजे मोठं मशीन, आणि त्यातलं किती पानाखाली जातं, जिथे तांबेरा बसलाय, आणि किती शेजाऱ्याच्या खिडकीवर, हा हिशेब करून बघा. आल्डर बहुतेक वेळा पाण्याजवळ असतो आणि बरीच बुरशीनाशकं पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. वर नवी पानं येतच राहतात म्हणजे एक फवारा पुरत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर जी पानं पुढच्या महिन्या-दीड महिन्यात तशीही पडणार आहेत त्यांच्यासाठी. मोठ्या झाडावर मी तरी कुणाला फवारणी सुचवणार नाही.

"मग पडलेला पाला गोळा करून जाळू?"

जाळू नका. गोळा करण्याचा फायदा आहे, पण रोगानुसार कमी-जास्त. ठिपक्यांच्या बुरशी पडलेल्या पानातच थंडी काढतात, तिथे झाडून घेतल्याने पुढच्या वसंतातली पहिली लागण कमी होते. तांबेऱ्यावर कमी परिणाम, कारण तो लांबून उडत येतो. टाफ्रिनावर जवळपास शून्य, ती सालीवर बसलेली असते. आल्डरचा पाला नायट्रोजनने भरलेला असतो आणि लवकर कुजतो, मातीसाठी सोन्यासारखा, तेव्हा चांगला तापणाऱ्या ढिगात कंपोस्ट करा. रानात किंवा मोठ्या लागवडीत तर तो पडला तिथेच राहू द्या.

"बाकीच्या झाडांना लागेल का, आणि मला?"

पानांवरच्या या बुरशी फार चोखंदळ असतात. आल्डरची भुरी तुमच्या गुलाबावर जाणार नाही, गुलाबाची भुरी वेगळी, नुसतं एकाच वेळी दोन्हीकडे पांढरं दिसतं कारण हवामान दोघींना आवडणारं असतं. आल्डरची टाफ्रिना पीच झाडाची पानं वळवत नाही, तिथे टाफ्रिनाची दुसरी जात असते. माणसाला, कुत्र्या-मांजराला यांची लागण होत नाही. वसंतात आल्डरजवळ शिंका येतात त्या परागकणांच्या, त्या ॲलर्जीचा पानावरच्या बुरशीशी संबंध नाही.

नर्सरीतलं गणित वेगळं

वर जे "घाबरू नका" म्हटलं ते मोठ्या झाडासाठी. वर्ष-दोन वर्षांच्या रोपाकडे साठा नसतो, त्याची पानं जुलैत गेली तर ते खरंच खुरटतं किंवा हिवाळ्यात टिकत नाही. शिवाय नर्सरीत हजारो रोपं एकमेकांना चिकटून, वरून स्प्रिंकलर, पान रात्रभर ओलं, म्हणजे तांबेऱ्याला दुसरं काय पाहिजे? तिथे रोपांत अंतर, पाणी बुडाशी, वरूनच द्यायचं असेल तर सकाळी लवकर म्हणजे दिवसा पान वाळेल, गळलेली पानं नियमित उचलणं, हे आधी. नायट्रोजनचं खत आवरतं घ्या, रोप स्वतःची सोय करतं, वरून जास्त ओतलं तर मुळांवर गाठी कमी धरतात आणि वर लुसलुशीत पान येतं जे भुरीला फार आवडतं. हे सगळं करून भागलं नाही तर नर्सरीत बुरशीनाशकाला जागा आहे, पण लागणीच्या सुरुवातीला, तुमच्याकडे त्या वापराला परवानगी असलेलं, आणि दरवेळी एकाच गटातलं नाही, नाहीतर बुरशी त्याला सरावते.

शहरातलं झाड आधीच दमलेलं असतं

काळा आल्डर हे पाणथळ जागेचं झाड. त्याला फरशीमधल्या चौकोनी खड्ड्यात लावायचं, भोवतीची माती गाड्यांनी दाबून दगड करायची, उन्हाळ्यात पाणी द्यायचं नाही, आणि मग पानांवर बुरशी आली म्हणून तिला शिव्या द्यायच्या, हे काही बरोबर नाही. तहानलेलं झाड तसंही पानं लवकर टाकतं, त्यात तांबेरा आला की दोन्ही मिळून झाड ऑगस्टमध्ये उघडं पडतं आणि दोष सगळा बुरशीच्या माथी. लावल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत भरपूर पण अंतराने पाणी, बुंध्याला न टेकवता आच्छादन, आणि खड्डा मोठा, एवढ्यावर पुष्कळ काम होतं. फांद्या छाटून हवा खेळती करा असा सल्लाही सर्रास मिळतो, दाट गटात लावलेल्या झाडांना तो लागू पडतो, रस्त्यावरच्या एकट्या झाडाला हवा तशीही मिळत असते, त्याची उगाच कापाकापी करू नका.

नवीन लावताना

कोरड्या फरसबंदीत काळ्या आल्डरपेक्षा इटालियन किंवा श्पेथी जास्त तग धरतात. जिथे तांबेरा दरवर्षी येतो तिथे करड्या आल्डरची लांबच लांब एकसारखी रांग लावणं म्हणजे त्याला आमंत्रणच, त्यातून शोभेचे प्रकार कलमाने वाढवलेले असतात, म्हणजे शंभर झाडं खरं तर एकाच झाडाच्या शंभर प्रती, एकीला लागलं की सगळ्यांना. बियांपासून वाढवलेली रोपं थोडी उंच-ठेंगणी दिसतील, नगरपालिकेच्या ड्रॉइंगमध्ये शोभणार नाहीत, पण त्यातली काही कमी आजारी पडतात हे दोन-तीन पावसाळी उन्हाळ्यांत डोळ्यांनी दिसतं. मध्ये मध्ये दुसऱ्या कुळातली झाडं घातली तर अजून चांगलं. रोप विकत घेताना पानावर चार ठिपके असले तर घ्या खुशाल, पण मुळं काळी-मऊ असतील किंवा बुंध्याशी सालीवर डाग असेल तर कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा, आणि नदीकाठी लावायचं असेल तर हे दोनदा तपासा, कारण तिथून खाली वाहणारं पाणी पुढच्या सगळ्या आल्डरपर्यंत जातं.